शुश्रूषेचा धर्म शोधणाऱ्या नाइटिंगेलबाई

आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागून काढण्याचा प्रसंग ज्यांवर कधीच आला नाही असे कुटुंब आमच्या वाचकांत क्वचितच असेल. वेळेवर औषध देणे, कपाळावर पाण्याची पट्टी ठेवणे, पेजेचे दोन घोट भरविणे, ही कामे आपल्या घरांतून आयाबहिणी पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या. परंतु शुश्रूषा म्हणजे केवळ माया नव्हे. तिला शिक्षण लागते, निरीक्षण लागते आणि करणाऱ्याच्या मनाशी पक्का झालेला एक विचार लागतो, ही गोष्ट ज्यांनी जगाला पटवून दिली त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. हाती दिवा घेतलेले त्यांचे चित्र बहुतेकांच्या पाहण्यातील आहे. चित्रातील बाई शांत व कृतार्थ दिसतात. प्रत्यक्षातील बाईंना मात्र आपला विचार फार मोठी किंमत देऊन, स्वतःची चूक स्वतः मोजून बांधावा लागला. ती हकीकत चित्रात दिसत नाही, म्हणून ती सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका संपन्न इंग्रज कुटुंबात झाला, आणि शहराचेच नाव मुलीस मिळाले. वडिलांनी त्यांना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान शिकविले. गणिताची गोडी त्यांना स्वतःलाच होती. १८३७ साली, वयाच्या सतराव्या वर्षात, ईश्वर आपणांस सेवेसाठी बोलावीत आहे अशी त्यांची मनोमन खात्री झाली. परंतु ती सेवा कोणती, हे उमगावयास पुढे कित्येक वर्षे गेली. १८४५ मध्ये त्यांनी सॉल्सबरीच्या इस्पितळात जाऊन शुश्रूषेचे काम शिकण्याची परवानगी मागितली, तेव्हा घरात हलकल्लोळ उडाला. त्या काळी इस्पितळातील परिचारिका म्हणजे अशिक्षित व बहुधा व्यसनी स्त्रिया, असाच लोकांचा समज होता. परवानगी मिळाली नाही. बाईंनी मग पहाटे उठून, घरातील मंडळी जागी होण्यापूर्वी, इस्पितळांचे व सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचावयास आरंभ केला. अनेक वर्षांचा स्नेह असलेल्या एका थोर गृहस्थाची विवाहाची मागणीही त्यांनी १८४९ मध्ये नाकारली.

१८५१ साली जर्मनीतील कायझर्सव्हेर्ट येथील पास्टर फ्लीडनर ह्यांच्या संस्थेत त्यांना सुमारे तीन महिने राहावयास मिळाले. तेथील भगिनींची निष्ठा पाहून त्यांचे मन भरून आले. परंतु तेथील स्वच्छतेविषयी त्यांचे मत पुढे मुळीच चांगले राहिले नाही. भक्तिभाव असला म्हणजे शुश्रूषा आपोआप साधते असे नाही, हा पहिला धडा त्यांनी येथे घेतला.

१८५३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका लहान संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे आली. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी, जेवणाची ताटे वर चढविणारा पाळणा आणि रोग्याने वाजविताच कोणी बोलाविले हे कळणारी घंटा, अशा त्यांच्या पहिल्या मागण्या होत्या. परिचारिकेचा वेळ जिने चढण्या-उतरण्यात खर्ची पडला, तर तेवढा तो रोग्याच्या वाट्यातून वजा होतो, असा त्यांचा साधा हिशेब होता. व्यवस्थापक मंडळीस केवळ आपल्याच पंथाच्या स्त्रिया घ्यावयाच्या होत्या. बाईंनी आग्रह धरून कॅथलिक, यहुदी, सर्वांना दार उघडावयास लाविले.

पुढच्याच वर्षी रशियाविरुद्ध क्रिमियाचे युद्ध पेटले. इंग्रज जखमींचे हाल वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होताच देश खवळला आणि युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट ह्यांनी बाईंना पाचारण केले. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ स्त्रियांसह त्या कॉन्स्टंटिनोपलसमोरील स्कुटारी येथे पोचल्या. लष्करी डॉक्टरांना ही मंडळी नकोशी होती. बाईंनी आपल्या परिचारिकांना स्वस्थ बसविले. डॉक्टरांनी बोलाविल्यावाचून कोणीही रोग्यास हात लावावयाचा नाही असा दंडक घातला. थोड्याच दिवसांत जखमींची रीघ लागली आणि बोलावणे आले. मग त्यांनी धुण्याची व्यवस्था केली, स्वयंपाकघर उभारले, सदरे, चादरी, बशा मिळविल्या, शिपायांच्या घरी पत्रे लिहिली. रात्री कागदाचा घडीचा तुर्की कंदील घेऊन त्या लांबच लांब खाटांच्या रांगांतून फिरत. त्या फेरीने त्यांना अमर केले.

परंतु वाचकहो, ह्याच हिवाळ्यात माणसे किड्यामुंगीसारखी मरत होती. बाईंच्याच हिशेबाप्रमाणे फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२.७ पर्यंत गेले. त्यांची समजूत अशी की, शिपाई येथे पोचतात तेच उपासमारीने व थंडीने अर्धमेले होऊन. खरी गोष्ट निराळी होती. ज्या बराकीत ते इस्पितळ थाटले होते तिच्या पोटातून गटारे तुंबलेली होती, दालनांतून हवा खेळत नव्हती, पिण्याचे पाणी दूषित होते. मार्चमध्ये डॉक्टर सदरलंड ह्यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य आयोग तेथे आला. त्याने गटारे धुऊन काढविली, मेलेली जनावरे उचलविली, भिंतींना चुना देवविला, हवेची सोय केली. ऋतू पालटला, गर्दीही ओसरली. तथापि सफाईचा भाग मोठा होता. जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा २.२ वर आले.

ऑगस्ट १८५६ मध्ये बाई स्वदेशी परतल्या त्या राष्ट्राची देवता बनून. जयजयकार टाळून त्या आकडे मांडावयास बसल्या. डॉक्टर विल्यम फार ह्या आकडेशास्त्रज्ञाच्या साह्याने त्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा शत्रूच्या गोळ्यांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक बळी घेतले हे उघड झाले. त्याहूनही जिव्हारी लागणारी गोष्ट ही की, सर्वांत भयंकर प्रमाण त्यांच्या स्वतःच्या स्कुटारीचे निघाले. जेथे त्यांनी रात्रंदिवस खपून सेवा केली, तेथील वास्तूच माणसे मारीत होती आणि सेवा करणाऱ्यांस ते दिसले नव्हते. आपल्या कीर्तीला धक्का लागेल म्हणून हे आकडे झाकून ठेवणे सोपे होते. बाईंनी १८५८ साली आठशेहून अधिक पानांचा अहवाल छापविला आणि मृत्यूचे कारण ज्याच्या त्याच्या डोळ्यांत भरावे म्हणून रंगीत चक्राकार आकृत्या काढल्या. त्याच वर्षी लंडनच्या आकडेशास्त्र संस्थेने त्यांना आपल्या पहिल्या स्त्री-सदस्या म्हणून निवडले.

ह्या आघातातून त्यांचा शुश्रूषेविषयीचा विचार पक्का झाला. १८५९ अखेर शुश्रूषेवरील त्यांचे छोटेखानी पुस्तक निघाले. ते मुख्यतः घरोघरच्या स्त्रियांसाठी होते. त्यातील मर्म असे की, रोग बरा करण्याचे कार्य निसर्ग करतो. परिचारिकेने त्याला आड येणारे सर्व दूर करावयाचे. शुद्ध हवा, उजेड, स्वच्छ पाणी, निचरा, शांतता व पथ्य ह्यांची काळजी म्हणजे शुश्रूषा. खोलीबाहेर कुजबुज करू नये, रोग्यास दचकवून उठवू नये, समाचारास आलेल्यांनी पोकळ धीर व फुकटचे उपाय सांगू नयेत, हेही त्यांनी बजाविले. आपण समोर असताना जे होते ते आपल्या माघारीही व्हावे अशी तजवीज करणे, हा तर त्यांनी व्यवस्थेचा कणाच मानला.

लोकांनी कृतज्ञतेने जमविलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात त्यांनी परिचारिकांचे विद्यालय उघडले. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थिनी होत्या. १८६५ मध्ये त्या विद्यालयात शिकलेली अॅग्नेस जोन्स १२ परिचारिका घेऊन लिव्हरपूलच्या कंगालगृहातील इस्पितळात गेली. तोवर तेथे कंगालांची शुश्रूषा कंगालांकडूनच होत असे. अॅग्नेस १८६८ साली तेथेच ज्वराने वारली. परंतु निर्धनासही शिकलेल्या हातांची शुश्रूषा मिळाली पाहिजे हे तत्त्व तिने रुजविले.

बाईंची प्रकृती युद्धापासून ढासळली होती आणि उरलेल्या आयुष्याचा बराच भाग अंथरुणावर गेला. तेथूनच त्यांचे कार्य चाले. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत, परंतु येथील गोऱ्या पलटणींच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगासाठी त्यांनी छावण्याछावण्यांतून माहिती मागविली. दरहजारी ६९ शिपाई दरवर्षी मरतात असे १८६३ च्या अहवालात दिसून आले. छावणीबाहेरचे गाव घाण राहिले तर छावणी सुरक्षित राहत नाही, हे ध्यानी येताच त्यांची दृष्टी शिपायांवरून रयतेकडे वळली. खेड्यांच्या सफाईविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता, हे आम्हां मराठी माणसांना अभिमानाने आठवावेसे वाटते.

त्यांचे सर्वच विचार काळाच्या कसोटीस उतरले असे आम्ही म्हणणार नाही. रोग दुर्गंधीतून उपजतो असे त्या मानीत. जंतूंचा सिद्धांत त्यांनी उशिरा व नाखुषीने स्वीकारला. परिचारिकांची परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी करण्यास त्यांचा विरोध होता, कारण शील परीक्षेने मोजता येत नाही असे त्यांचे म्हणणे. तथापि १९१९ साली इंग्लंडात तशा नोंदणीचा कायदा झालाच. आधीच, १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी बाई निवर्तल्या होत्या. वेस्टमिन्स्टर अॅबीतील दफनाचा मान कुटुंबीयांनी नाकारला आणि गावच्या स्मशानभूमीत त्यांना विश्रांती मिळाली. त्यांचा जन्मदिवस १९७४ पासून जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात.

आम्हांस ह्या चरित्रात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, मनापासून केलेली सेवाही चुकू शकते, असे मानण्याइतके धैर्य बाईंना होते. त्यांनी सेवा सोडली नाही. तिच्या जोडीला मोजणे व तपासणे आणून बसविले. आपल्या घरी कोणी आजारी पडेल तेव्हा आपण मायेत कमी पडत नाही. त्याबरोबर खोलीची खिडकी उघडी आहे ना, पाणी स्वच्छ आहे ना, समाचारास येणाऱ्यांची गर्दी रोग्यास शिणवीत नाही ना, एवढे पाहावे. ताप किती, अन्न किती गेले, झोप किती लागली, हे उशाशी ठेवलेल्या वहीत लिहावे आणि डॉक्टर येताच ती वही त्यांच्यापुढे ठेवावी. रात्र जागणाऱ्याचे डोळे थकतात. वहीतील नोंद मात्र सकाळीही जशीच्या तशी असते.