लोखंडी रस्त्याचे नाना

मेगाब्लॉकच्या रविवारी ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर पाऊण तास ताटकळलं, की रेल्वेला शिव्या घालायला आपण सगळेच पुढे असतो. पण मित्रांनो, ही रेल्वे यायच्या आधी घरी जायला काय काय ऑप्शन होते, याचा कधी विचार केलाय?

साधारण १८४० सालची मुंबई घ्या. ठाण्याला जायचं तर बैलगाडी किंवा घोडागाडीने शीवपर्यंत, तिथून बांध ओलांडून साष्टीत, आणि मग पुढे धूळ खात. नाहीतर भरती-ओहोटी सांभाळत खाडीतून होडीने. पुण्याला जायचं तर बंदरावरून मचव्याने पनवेल, तिथून खोपोली, आणि मग बोरघाट. घाटात गाडीरस्ता १८३० मध्ये झाला होता, एवढंच काय ते सुख. पैसेवाला पालखीत, बाकी जनता पायी. वांद्र्याला जायला माहीमची खाडी होडीने पार करावी लागे आणि तिथे होड्या बुडून माणसं मरत. शेवटी जमशेटजी जिजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी पैसे दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा बांध झाला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस तर बैलांच्या पाठीवरून यायचा. वाटेत पावसाने गाठलं की मालाचं वाटोळं.

या मुंबईत जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना, मोठे झाले. घराणं मूळचं मुरबाडचं, आडनाव मुरकुटे. जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. वडिलांनी व्यापारात अमाप पैसा मिळवलेला. १८२२ मध्ये ते गेले आणि एकोणीस वर्षांच्या नानांवर पेढीचा सगळा भार आला. एकोणीस म्हणजे आपल्या एस.ई.चं वय! आपल्याला त्या वयात मेसचा हिशोब जमत नाही.

नानांनी पैसा तर सांभाळलाच, पण शाळा काढण्याचा नाद लावून घेतला. मुंबईतली शिक्षण मंडळी, एल्फिन्स्टन संस्था, सगळीकडे ते होते. पुढे मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा दिली आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष पत्करला. आपल्या ब्रँचवाल्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. त्या काळी मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस नावाचा इंजिनिअर साहेब होता. १८२३ च्या सुमारास त्याने इंजिनिअरिंगची शाळा चालवली आणि गणिताची पुस्तकं मराठीत आणली. पुढे शिक्षण मंडळावर मोठा वाद झाला. अर्स्किन पेरी म्हणत होते की उच्च शिक्षण इंग्रजीतच हवं. जर्व्हिस आणि नाना देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. वाद ते हरले. आपण आजही थर्मोडायनॅमिक्स इंग्रजीत घोकतो आणि रात्री रूमवर एकमेकांना मराठीत समजावतो, ते त्यामुळेच.

आता रेल्वे. १८४३ मध्ये सरकारचे चीफ इंजिनिअर जॉर्ज क्लार्क भांडुपला गेले असताना त्यांच्या डोक्यात मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाट जोडणारा लोहमार्ग आला. कल्पना साहेबाची खरी, पण शहरातल्या पैसेवाल्यांना ती पटवायची कोणी? इंग्लंडमध्ये तेव्हा रेल्वेच्या शेअरचं वेड होतं, इथे लोकांना इंजिन म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. १८४५ मध्ये नाना आणि जमशेटजी यांनी पुढाकार घेऊन इंडियन रेल्वे असोसिएशन उभी केली. पुढे हे सगळं जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत मिसळलं. कंपनी लंडनची, तिच्या मुंबईतल्या कारभारात देशी माणसं मोजकीच; त्यात नाना. कंपनीच्या कचेरीला जागा हवी होती तर त्यांनी वाड्यातली जागा काढून दिली. आगबोटींच्या धंद्यातही ते होते, म्हणजे पाण्याचा रस्ता सोडून फक्त रुळांच्या मागे लागले असंही नाही.

नानांना देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. ते व्यापारी होते, मालाची ने-आण स्वस्त झाली तर फायदा त्यांचाही होता. आणि १८४९ च्या करारात कंपनीला पाच टक्के व्याजाची हमी दिली गेली. तोटा आला तर तो भरणार कोण? इथला करदाता. हा सौदा पुढे फार टीकेचा विषय झाला.

काम ३१ ऑक्टोबर १८५० ला शीवजवळ सुरू झालं. चीफ इंजिनिअर जेम्स बर्कले. रूळ साडेपाच फूट अंतराचे, तोच आपला ब्रॉडगेज. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी बोरीबंदरहून चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन गाडी निघाली. पुढे तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. एकवीस तोफांची सलामी. अंतर २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर. देशी लोक विटाळाच्या भीतीने बसणार नाहीत, अशी पुष्कळांना शंका होती. प्रत्यक्षात थर्ड क्लास भरून वाहू लागला, तो आजतागायत रिकामा झालेला नाही.

१८५४ मध्ये खाडी ओलांडून गाडी कल्याणला गेली, १८५६ मध्ये खोपोलीला.

आणि मग १८५७ आलं. ज्या नानांनी सरकारबरोबर बसून शाळा, कॉलेजं, रेल्वे उभी केली, त्यांच्यावरच बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय घेतला गेला. चौकशी झाली. पुरावा काही मिळाला नाही आणि नाना सुटले. चोपन्न वर्षांच्या माणसाला, तीसेक वर्षं सार्वजनिक काम केल्यावर, काय वाटलं असेल? दुसरा असता तर दार लावून घरी बसला असता. नाना पुन्हा कामाला लागले. १८६२ मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात घेतलं.

इकडे बोरघाटाचं काम चालू होतं. बोगदे, पूल, आणि चढ काढण्यासाठी गाडी उलटी फिरवायचं स्टेशन. हजारो मजूर कॉलऱ्याने आणि अपघातांनी मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येऊन थोड्याच दिवसांत वारला, तर त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट हातात घेऊन काम तडीस नेलं. सिव्हिलच्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावं. १८६३ मध्ये घाट खुला झाला आणि मुंबई-पुणे गाडी सलग धावू लागली. ते बघायला बर्कले नव्हते, आदल्याच वर्षी गेले. नाना होते.

३१ जुलै १८६५ ला नाना गेले. त्याच महिन्यात कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटून अर्धी मुंबई भिकेला लागली होती. दोन वर्षांनी, १८६७ मध्ये, विरारहून पहिली लोकल सुटली. १८७४ मध्ये घोड्यांच्या ट्राम आल्या. हे दोन्ही त्यांना दिसलं नाही.

त्यांचा संगमरवरी पुतळा एशियाटिकच्या टाउन हॉलमध्ये आहे. ग्रँट रोडला उतरलात तर नाना चौक त्यांचाच. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबई सेंट्रल स्टेशनला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं. गंमत म्हणजे ते स्टेशन वेस्टर्न लाइनवर, आणि नानांची जी.आय.पी. म्हणजे आजची सेंट्रल!

आणि मुरबाड? कल्याण-मुरबाड मार्ग मंजूर झालाय, पण गाडी अजून काही तिथे पोचलेली नाही. नानांच्या गावाला जायचं तर कल्याणला उतरा आणि एस.टी. स्टँडवर जाऊन लाइनीत उभे राहा.