विश्लेषण : कुत्र्यांसाठी मुंबई बंद पडली तेव्हा... जमशेटजी जीजीभाई आणि पांजरपोळाची गोष्ट

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबाबत दोन आदेश दिले. ११ ऑगस्टच्या पहिल्या आदेशात दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवारागृहात ठेवायला सांगितले होते. २२ ऑगस्टला तो बदलला. बदललेल्या आदेशानुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री पुन्हा त्याच भागात सोडायची होती, पण पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नव्हती. याच आदेशात एक तरतूद फारशी चर्चेत आली नाही. प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेता येईल, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची असेल. मारायचे, कोंडायचे की कुणाच्या तरी घरी द्यायचे, हा वाद मुंबईत जवळपास दोनशे वर्षांपूर्वी रस्त्यावर उतरला होता. त्यातून जी संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत होते जमशेटजी जीजीभाई.

कोण होते जमशेटजी?

जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालय या नावांतले ‘जे. जे.’ म्हणजे हेच. जन्म १७८३ चा. आईवडील लवकर गेले आणि सोळाव्या वर्षाच्या आसपास जमशेटजी मुंबईत मामाकडे आले. मामांचा रिकाम्या बाटल्यांचा व्यापार होता, त्यामुळे काही काळ तेही ‘बाटलीवाला’ म्हणून ओळखले गेले. पुढे मामांचीच मुलगी अवाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांनी चीनच्या अनेक सफरी केल्या. १८०५ मध्ये ‘ब्रन्सविक’ जहाजातून जाताना फ्रेंचांनी जहाज पकडले आणि त्यांना बंदी म्हणून आफ्रिकेच्या टोकापर्यंत नेले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. हाच जार्डिन पुढे चीनच्या व्यापारातला बडा व्यापारी झाला आणि जमशेटजींची भागीदारी त्याच्याशी जुळली. माल होता कापूस आणि अफू. जमशेटजींच्या दानाची यादी वाचताना ही अफू विसरून चालत नाही. मुंबईत ज्या पैशातून दवाखाने उभे राहिले, त्याच पैशाच्या दुसऱ्या टोकाला चीनमधली व्यसनाधीन माणसे होती.

६ जून १८३२ ला काय घडले?

मुंबईत ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासून होता. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती हे त्याचे कारण, आणि ती भीती खोटी नव्हती. रेबीजवर तेव्हा लस नव्हती. ती पाश्चरने पन्नासहून अधिक वर्षांनी, १८८५ मध्ये माणसाला टोचली. १८३२ मध्ये मात्र मारण्याची मुदत वाढवण्यात आली. शिवाय प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. बक्षीस नगावर असले की शिपाई भटका कोण आणि पाळीव कोण हे बघत बसत नाही. घरांच्या ओट्यावरची कुत्रीही उचलली जाऊ लागली.

पारशी समाजात हे फार झोंबले. मृत्यूनंतरच्या ‘सगदीद’ विधीत कुत्र्याची नजर मृतदेहावर पडावी लागते. त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे ‘चार डोळ्यांचा’, कुत्रा शुभ मानतात. त्यात ६ जून हा पारशांचा धार्मिक दिवस. फोर्टात जमाव जमला आणि कुत्री पकडणाऱ्या शिपायांना मार बसला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. जैन आणि हिंदू व्यापारीही बंदात उतरले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारा पाव आणि पाणी अडवले गेले, तेव्हा कंपनी सरकारला हे प्रकरण साधे वाटेनासे झाले. लष्कर बोलावले गेले आणि धरपकड झाली.

जमशेटजी तेव्हा पन्नाशीला टेकलेले बडे शेठ होते. त्यांचा व्यापार इंग्रजांवर उभा आणि प्रतिष्ठा समाजावर. त्यांना दंगल नको होती आणि कुत्र्यांची कत्तलही. त्यांच्यासह इतर शेठ मंडळींनी मध्यस्थी केली, अर्ज दिले आणि शिक्षा झालेल्यांसाठी दयेची विनंती केली. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत, यावर तोडगा निघाला.

पांजरपोळ कशी उभी राहिली?

बाहेर म्हणजे नेमके कुठे, हा प्रश्न उरलाच. १८३४ मध्ये जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ मुंबई पांजरपोळ सुरू झाली. एक पारशी, दुसरे जैन. सुरुवातीचा हेतू मारल्या जाणाऱ्या कुत्र्या-डुकरांना आसरा देण्याचा होता. गाईगुरे नंतर वाढली. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वेच्छेने लागा बसवला. एकरकमी देणगीपेक्षा ही युक्ती शहाणपणाची, कारण जनावर रोज खाते.

पुढे १८४२ मध्ये जमशेटजींना ‘सर’ किताब मिळाला. तो मिळालेले ते पहिले भारतीय. अवाबाईंच्या १ लाख ५७ हजार रुपयांतून बांधलेला माहीम कॉजवे १८४५ मध्ये खुला झाला. एप्रिल १८५९ मध्ये जमशेटजींचे निधन झाले.

त्यांच्यामागे कुत्र्यांचा प्रश्न सुटला नाही. पालिकेने कुत्री मारणे पुढे पुन्हा सुरू केले आणि ते थेट १९९० च्या दशकात थांबले. निर्बीजीकरणाचे केंद्रीय नियम २००१ मध्ये आले, त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली.

पांजरपोळीत जे होत नाही...

पांजरपोळ जीव वाचवते, पण कुत्र्याला घरात राहायला शिकवत नाही. शेकडो कुत्र्यांत वाढलेला कुत्रा घरी आणला की फरशीवर मुततो, मिक्सरच्या आवाजाने पलंगाखाली जातो, आणि आठवडाभरात परत पाठवला जातो. म्हणून प्राणी संस्था दत्तक देण्याआधी त्याला काही आठवडे एखाद्या घरी सांभाळायला देतात. पहिले काही दिवस त्याला फक्त झोपू द्यायचे, पाहुण्यांची गर्दी करायची नाही. जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर लगेच बाहेर न्यायचे. बाहेर शी-शू केली की तिथेच खाऊ द्यायचा. घरात केली तर ओरडायचे नाही, मुकाट पुसायचे. मारले तर तो लपून करायला शिकतो. पट्टा आधी घरातच घालून सवय लावायची. जंताचे औषध, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस आणि वय झाले की निर्बीजीकरण, हे याच काळात उरकते. सर्वांत अवघड असते ते शेवटी त्याला देऊन टाकणे.

जव्हार-मोखाड्याकडे हे गणित वेगळे आहे. १८३२ मध्ये जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, तिथे मुंबईचा हुकूम चालत नव्हता. आजही तिथल्या पाड्यांवर कुत्रा बांधलेला नसतो. तो बकऱ्यांमागे रानात जातो, रात्री ओट्यावर झोपतो. शहराच्या नजरेला तो भटका, पाड्याच्या नजरेला अमक्याच्या घरचा. त्याला घर शिकवायची गरज नाही, लस मात्र राहून जाते. पशुवैद्यकीय दवाखाना तालुक्याच्या गावी, आणि मोकळ्या कुत्र्याला घेऊन एवढे अंतर जाणार कोण? म्हणून लसीकरण पाड्यावरच करावे लागते, तेही सकाळी, बकऱ्या रानात निघण्याआधी. आणि चावा झालाच तर जखम पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, मग हळद-चुना न लावता त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचे.