सिंहासनाविना सत्ता

रोमच्या ऑगस्टसने सिनेट कायम ठेवून एकट्याची सत्ता उभारली. शहाजीराजे भोसले यांनी बंगळुरात विजापूरच्या सुलतानाच्या नावाने कारभार करीत आपले बळ वाढविले.

तत्पूर्वी, १६३३ पासून, अल्पवयीन निजामशहाला गादीवर बसवून ते मोगलांशी झुंजले. १६३६ मध्ये माहुलीला तो डाव संपला व ते आदिलशाहीच्या चाकरीत आले. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळूर घेतले गेले. पुढे ते शहाजीराजांची जहागीर झाले. केंपेगौडाकडे मागडी राहिली. पराभूत नायकांना न बुडविता मांडलिक करण्याचे धोरण शहाजीराजांना मानवले. स्थानिक सत्ताधीशांचा विश्वास त्यातूनच लाभला. जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त अनेक भाषांच्या कवींनी गजबजलेला त्यांचा दरबार दिसतो.

परंतु हाच लौकिक विजापूरला खुपला. जुलै १६४८ मध्ये जिंजीच्या छावणीत मुस्तफाखानाने त्यांना कैद केले. कोंढाणा सोडावा लागला, तेव्हा १६४९ मध्ये सुटका झाली. जनमान्यता स्वतःची असली, तरी अधिकार उसना होता.

१६६४ मध्ये होदिगेरे येथे घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. दहा वर्षांनी रायगडावर शिवाजीराजांनी राज्याभिषेक करवून घेतला. पित्याच्या सत्तेतील नेमकी उणीव त्या सिंहासनाने भरून काढली.