संगीतसूर्य केशवराव भोसले

ज्या वृक्षाच्या छायेत आपण वाढलो, ती छाया सोडून उन्हात स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास मोठे धैर्य लागते. हे धैर्य वयाच्या सतराव्या वर्षी दाखविणाऱ्या एका गायकनटाचे अल्प चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहे.

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरी दारिद्र्य होते. पाटी हाती धरण्याच्या वयातच त्यांस स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत जावे लागले. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात हा बालनट नायिकेची भूमिका करी व त्याच्या तेजस्वी गळ्याने प्रेक्षक तटस्थ होत. मंडळीचे नाव गाजले. तथापि गळा केशवरावांचा असला तरी मंडळी दुसऱ्याची होती.

अखेर ते बाहेर पडले आणि १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ललितकलादर्श मंडळी स्थापिली. आजवर त्यांस केवळ आपल्या गाण्याची चिंता असे; आता पडदे, पोशाख, गावोगावचा प्रवास आणि सर्व मंडळींच्या पोटापाण्याचा भार त्यांच्या शिरावर आला. स्वातंत्र्य म्हणजे विश्रांती नव्हे, हे त्यांस लवकरच कळून आले. मालक झाले तरी त्यांनी शिष्यत्व टाकले नाही. रामकृष्णबुवा वझे यांच्यापाशी ते गायन शिकत राहिले. नवीन नाटककारांसही त्यांनी रंगभूमी मोकळी करून दिली. आपल्या वऱ्हाडातील, अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ नाटकातील त्यांची मृणालिनी फार नावाजली. हुंड्याच्या दुष्ट चालीवर प्रहार करणारे वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ हे नाटकही त्यांच्याच मंडळीने रंगभूमीवर आणिले.

याच काळात, १९१३ साली, बालगंधर्वही किर्लोस्कर मंडळी सोडून स्वतंत्र झाले होते. दोघांचे चाहते एकमेकांशी हमरीतुमरीवर येत. परंतु टिळक स्वराज्य फंडासाठी हे दोघे प्रतिस्पर्धी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘मानापमान’ नाटकात एकत्र उभे राहिले. केशवराव धैर्यधर झाले व बालगंधर्व भामिनी. आपला मान बाजूस सारून देशकार्यास हातभार लावणाऱ्या या दोघांस पाहण्यास प्रेक्षकांची झुंबड उडाली.

यानंतर तीन महिनेही लोटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव निवर्तले. वय अवघे एकतीस. परंतु त्यांनी लाविलेले रोप वठले नाही. बापूराव पेंढारकर व पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ललितकलादर्श चालविली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधविलेल्या नाट्यगृहास पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले.

मुलांनो, आश्रय सोडणे एका दिवसाचे काम आहे. त्यानंतर दुसऱ्यांस आश्रय देण्याइतके मोठे होणे हे आयुष्याचे काम होय. केशवरावांस आयुष्य थोडे लाभले, पण हे काम त्यांनी पुरे केले.