दोन वर्षं न खपलेला नांगर

गेल्या सेमिस्टरला आमच्या रूममधला टेबल फॅन बंद पडला. घेऊन तीनच महिने झाले होते, वॉरंटी कार्डसुद्धा जपून ठेवलेलं. कस्टमर केअरला फोन लावला. आधी एक दाबा, मग चार दाबा, मग गाणं, मग त्याच कंपनीच्या नव्या कूलरची जाहिरात! पंचवीस मिनिटांनी एक जण बोलला आणि तक्रार नंबर देऊन मोकळा झाला. फॅन अजून कॉटखाली पडून आहे. ऑफरचे मेसेज मात्र रोज न चुकता येतात.

मी पलूसचा. सुट्टीला घरी जाताना किर्लोस्करवाडी स्टेशनवर उतरतो. त्या दिवशी उतरलो तेव्हा डोक्यात फॅनच होता, आणि समोर स्टेशनच्या नावाची पाटी. मॅगझिनमध्ये दरवर्षी विश्वेश्वरय्यांवर लेख असतोच. म्हटलं, यंदा आपल्या शेजारच्या माणसावर लिहू.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन कमी, चित्रांत आणि यंत्रांत जास्त. वडिलांची इच्छा नसताना मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की काही रंग आपल्याला नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला आलेल्या मुलाला हे कळल्यावर काय वाटलं असेल? (आपल्याकडे एम-थ्रीला केटी लागली तरी दोन दिवस मेस बंद असते.) लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरल्या. मेकॅनिकल ड्रॉईंग शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवायला लागले. पुढे बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा राजीनामा देऊन सरळ बेळगाव गाठलं.

बेळगावात १८८८ पासूनच भावाबरोबर सायकलींचं दुकान होतं. पाटी होती किर्लोस्कर ब्रदर्स. मुंबईतून लक्ष्मणराव सायकली पाठवायचे आणि भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. पण त्या काळात सायकल बघितलेली माणसंही थोडी, चालवता येणारी तर त्याहून थोडी. म्हणून रामूअण्णा सायकल विकत आणि फी घेऊन ती चालवायलाही शिकवत. फुकट नव्हे, हे लक्षात घ्या, धंदा होता तो. पण घेणाऱ्याला वस्तू वापरता आली पाहिजे, ही विकणाऱ्याची काळजी होती.

पुढे कडबा कापायचं यंत्र केलं, आणि मग लोखंडी नांगर. इंग्लंडहून येणारे नांगर होते, त्यांच्यासारखाच पण इथे बनवलेला. आणि हा नांगर कोणी घेईना! पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमिनीला विष बाधतं, असं शेतकरी म्हणत.

पुस्तकांत ही गोष्ट शेतकऱ्यांची अंधश्रद्धा म्हणून येते. मला ते अर्धंच पटतं. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करायचा. तो बलुतेदार, सुगीला धान्य घेणारा आणि वर्षभर हाकेच्या अंतरावर असणारा. लोखंडी नांगराचा फाळ झिजला, एखादा भाग तडकला, तर ऐन हंगामात जायचं कोणाकडे? शिवाय नांगर जड, बैल जास्त लागणार. पैसे रोख. विषाची भीती खरी असेलही, पण तिच्या पोटात मला हा साधा हिशेबही दिसतो. आज आपण ऑनलाईन वस्तू घेताना आधी सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघतो, तोच हा हिशेब. आणि त्या शेतकऱ्याच्या बाजूने काहीच नव्हतं. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, तो यायला अजून पाऊणशेहून जास्त वर्षं होती.

नांगर मात्र गुणाचा होता. लाकडी नांगर माती उकरतो. लोखंडी नांगर तिचा थर कापून उलटा करतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजला की लाकडी नांगर हात टेकतो, हे इकडच्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. म्हणून एकदा नांगर रानात चालताना दिसला की गिऱ्हाईक तयार होऊ लागलं.

तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेला शहर वाढवण्यासाठी कारखान्याची जागा हवी झाली. बिऱ्हाड उचलायची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले, त्यांनी कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनजवळची सुमारे ३२ एकर जमीन दिली. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान, साप फुकट! १० मार्च १९१० रोजी मुक्काम पडला आणि किर्लोस्करवाडी सुरू झाली. रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेले कैदी ठेवले. विश्वास ठेवायची ही सवयच असावी. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळाल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले. मटेरियल सायन्सच्या सरांनी हे उदाहरण एकदा तरी वर्गात द्यावं!

आता कोणी म्हणेल, यांनी काय जाहिरात केली नाही? केली की, आणि भरपूर केली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव चित्रकार होते, विक्री आणि जाहिरात त्यांच्याकडे. १९२० साली, म्हणजे कंपनी लिमिटेड झाली त्याच वर्षी, त्यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक काढलं. निघालं ते कारखान्याची आणि मालाची खबर द्यायला. पण नुसती मालाची स्तुती कोण वाचणार? म्हणून त्यात उद्योगाची माहिती आली, लेख आले, गोष्टी आल्या, आणि बघता बघता ते मराठी घरांतलं किर्लोस्कर मासिक झालं. पुढे १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर निघालं. लोकांनी पैसे देऊन मागवलेली जाहिरात! माझ्या मोबाईलवर रोज पंधरा फुकट येतात, एकही उघडत नाही.

नांगरानंतर चरक आले, १९२६ च्या सुमारास पंप आले. वाडीत पंप आजही बनतात. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून इंजिनिअर होऊन आले आणि कारभार हळूहळू पुढच्या पिढीकडे गेला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात गेले. १९६९ साली जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

सुट्टीत आमच्या गोठ्यामागे गेलो. आजोबांचा लोखंडी नांगर भिंतीला टेकून उभा आहे. कोणत्या कारखान्याचा ते आता वाचता येत नाही, अक्षरं गंजून गेलीत. ट्रॅक्टर आल्यापासून तो वापरात नाही. फाळ किती वेळा बदलला, असं वडिलांना विचारलं. ते म्हणाले, त्यांच्या आठवणीत तीनदा, आणि तिन्ही वेळा फाळ बाजारात त्याच दिवशी मिळाला होता.