पहिला अर्तहशश्त

पहिला अर्तहशश्त (ग्रीक रूप : अर्तक्सर्क्सीस) हा हखामनी साम्राज्याचा इ.स.पू. ४६५ ते इ.स.पू. ४२४ या काळातील सम्राट होता. सम्राट झर्क्सीस आणि राणी अमेस्ट्रिस यांचा तो पुत्र. मराठी बायबलातील एज्रा व नहेम्या या पुस्तकांत पारसाचा राजा म्हणून येणारा अर्तहशश्त तो हाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. यरुशलेमच्या बांधकामास त्याने एकदा बंदी केली आणि पुढे त्याच्याच परवानगीने नगराचा तट उभा राहिला.

नाव

जुन्या फारसीतील मूळ नाव अर्तख्शस्सा असे आहे. त्याचे दोन्ही घटक संस्कृत जाणणाऱ्यास परके वाटणार नाहीत : पहिला ‘ऋत’ या शब्दाचा सगोत्र, दुसरा ‘क्षत्र’ या शब्दाचा. ज्याचे राज्य ऋतावर आधारलेले आहे तो, असा या नावाचा अर्थ. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने महायोद्धा असा अर्थ दिला आहे. तो चुकीचा आहे. ग्रीकांनी नावाचा उत्तरार्ध झर्क्सीस या नावासारखा करून टाकला, वास्तविक या दोन नावांची व्युत्पत्ती वेगवेगळी आहे.

साम्राज्याचा पत्रव्यवहार प्रामुख्याने अरामी भाषेत चाले. ‘क्षत्र’मधील ‘त्र’च्या जागी जुन्या फारसीत जो ऊष्म ध्वनी आला होता, त्यासाठी अरामी लिपीत स्वतंत्र अक्षर नव्हते. लेखनिकांनी जवळच्या अक्षरांवर भागवले आणि एकाच राजाचे नाव निरनिराळ्या प्रकारे लिहिले गेले. इजिप्तमधील एलिफंटाइन बेटावर सापडलेल्या अरामी पपायरसांत त्याच्या शेवटी ‘श’ येतो, तर बायबलात ‘त’ आणि त्यापुढे अलेफ हे अक्षर. एज्राच्या पुस्तकातही चौथ्या व सातव्या अध्यायांतील वर्णलेखन एकसारखे नाही. मराठी भाषांतरकारांनी ग्रीक रूप न घेता हे हिब्रू-अरामी रूपच स्वीकारले. इराणात हेच नाव झिजून अर्दशीर झाले. पारशी समाजातील अर्देशीर हे नाव त्याचेच रूप होय. १८९७ साली मुंबईत कुलुपांचा कारखाना काढणारे अर्देशीर गोदरेज यांचे नाव या अर्थाने अर्तहशश्ताचेच आहे.

उजवा हात डाव्याहून लांब असल्याने ग्रीक लेखक त्याला दीर्घहस्त म्हणत. भारतीय परंपरेतील आजानुबाहू या विशेषणाशी त्याचा संबंध नाही.

राज्यारोहण आणि बंडे

इ.स.पू. ४६५ मध्ये अंगरक्षक दलाचा प्रमुख अर्ताबानस याने झर्क्सीसची हत्या केली व तिचा आळ थोरला राजपुत्र दारयवहु याच्यावर घातला. त्यावर विसंबून अर्तहशश्ताने आपल्या भावाला ठार मारले. खरा प्रकार उघड झाल्यावर त्याने अर्ताबानसलाही संपवले. ग्रीक लेखकांच्या वृत्तांतांत तपशिलांचा मेळ बसत नाही. राज्याचा आरंभ राजवाड्यातील रक्तपाताने झाला याविषयी मात्र मतभेद नाही.

इ.स.पू. ४६०च्या सुमारास इनारोस याच्या नेतृत्वाखाली इजिप्तने बंड केले. अथेन्सने त्याच्या मदतीस आरमार पाठवले. सेनापती मेगाबायझसने हे बंड मोडून काढण्यास सुमारे सहा वर्षे लागली. याच राजाने अथेन्सहून परागंदा झालेल्या थेमिस्टोक्लीसला आश्रय दिला होता. सलामिसच्या लढाईत आपल्या पित्याचे आरमार बुडवणाऱ्या या सेनानीला त्याने मॅग्नेशिया हे नगर उत्पन्नासाठी तोडून दिले.

यरुशलेमविषयीचे हुकूम

एज्राच्या पुस्तकानुसार रहूम हा अधिकारी व शिमशय हा लेखक यांनी राजाकडे अरामी भाषेत तक्रार पाठवली. यरुशलेम पुन्हा उभे राहिले तर तेथील लोक कर, खंडणी आणि जकात देणार नाहीत, असा तिचा आशय होता. राजाने जुनी दप्तरे तपासविली, नगराचा बंडखोरीचा इतिहास त्यात आढळला आणि त्याने काम थांबविले. स्वतः पुढील आज्ञा देईपर्यंतच ही बंदी राहील, अशी अट मात्र त्या हुकमात होती.

सातव्या वर्षी एज्रा या शास्त्र्यास दिलेले पत्रही अरामीतच आहे. त्यात सरकारी खजिन्यातून द्यावयाच्या वस्तूंची मर्यादा काटेकोरपणे नोंदवली आहे : शंभर किक्कार चांदी, शंभर कोर गहू, शंभर बथ द्राक्षारस आणि तितकेच तेल, मिठाला मर्यादा नाही. मंदिराच्या सेवकांना करमाफी दिली गेली. इजिप्त हातचे जाऊ पाहत असताना त्याच्या वाटेवरील यहुदा प्रांत संतुष्ट ठेवणे राजाला सोयीचे होते, असे काही इतिहासकारांना वाटते.

विसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ४४५ मध्ये, राजाचा प्यालेबरदार नहेम्या याचा उतरलेला चेहरा राजाच्या लक्षात आला. पूर्वजांचे नगर उद्ध्वस्त पडल्याचे दुःख ऐकून राजाने त्याला रजा दिली, राजवनातून लाकूड मिळावे म्हणून पत्र दिले आणि सोबत घोडेस्वार पाठवले. तट ५२ दिवसांत पूर्ण झाला. नहेम्या बारा वर्षे तेथे सुभेदार होता.

कोणता अर्तहशश्त?

बायबल राजाच्या नावापुढे पहिला-दुसरा असा क्रम देत नाही, आणि या नावाचे अनेक हखामनी राजे होऊन गेले. नहेम्याच्या बाबतीत एलिफंटाइनचे इ.स.पू. ४०७चे पत्र निर्णायक ठरते. त्यात शोमरोनचा सुभेदार सनबल्लट याच्या मुलांचा उल्लेख आहे. नहेम्याचा विरोधक सनबल्लट तो हाच असल्याने नहेम्याचा राजा पहिलाच ठरतो. एज्राचे सातवे वर्ष इ.स.पू. ४५८ की दुसऱ्या अर्तहशश्ताच्या काळातील इ.स.पू. ३९८, हा वाद मिटलेला नाही.

एस्तेरच्या कथेतील अहश्वेरोश राजालाही ग्रीक भाषांतरात अर्तक्सर्क्सीस म्हटले आहे. आधुनिक अभ्यासक त्याला झर्क्सीस मानतात. याच कथेवर आधारलेल्या पुरीम सणाला कोकणातील बेने इस्राएल लोक होळीचा सण म्हणत, कारण तो होळीच्या सुमारास येतो.

मृत्यू

पर्सेपोलिस येथील शतस्तंभी सभागृह त्याच्या काळात पूर्ण झाले. इ.स.पू. ४२४ मध्ये तो मरण पावला. राणी दमास्पिया हिचे निधन त्याच दिवशी झाले, असे क्टेसियस हा ग्रीक वैद्य लिहितो. नक्श-ए-रुस्तम येथील एक कबर त्याची मानली जाते. त्याचा पुत्र दुसरा झर्क्सीस ४५ दिवस गादीवर होता. सावत्रभाऊ सोग्दियानस याने त्याचा खून केला.