विश्लेषण : कान बंद, तरी आवाज मोठा! बहिरेपणाचे मूळ शोधणारी ‘वेबर चाचणी’ कुणामुळे मिळाली?

कानाला दडा बसला, की सर्दी असेल, मळ असेल म्हणून आपण चार दिवस वाट पाहतो. बहुतेकदा ते खरेही असते. पण कधी कधी अचानक एका कानाने ऐकू येईनासे होते, तेव्हा बिघाड थेट अंतर्कर्णात किंवा श्रवणाच्या नसेत असू शकतो. अशा वेळी उपचारांना उशीर परवडत नाही. हा फरक मिनिटभरात सुचवणारी एक चाचणी आजही कान-नाक-घसा तज्ज्ञ करतात. तिला जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हाइनरिश वेबर यांचे नाव आहे.

वेबर कोण होते?

वेबर यांचा जन्म २४ जून १७९५ रोजी जर्मनीतील विटेनबर्ग येथे झाला. वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. कंप पावणाऱ्या पत्र्यावरील वाळूतून ध्वनीच्या आकृत्या दाखवणारे एर्न्स्ट क्लाडनी हेही याच गावचे. वेबर कुटुंबाशी त्यांचा परिचय होता. अर्न्स्ट यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १८२१ मध्ये, विशीतच, ते लाइपझिग विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. धाकटा भाऊ विल्हेल्म भौतिकशास्त्राकडे वळला. बारावीच्या पुस्तकात चुंबकीय प्रवाहाचे ‘वेबर’ हे एकक असते, ते या विल्हेल्म यांच्या नावाचे. दोघा भावांनी १८२५ मध्ये लहरींवर एकत्र ग्रंथ लिहिला.

नेमके काय आढळले?

वेबर यांनी १८३४ मध्ये नाडी, ऐकणे आणि स्पर्श यांवरील प्रयोगांचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एक निरीक्षण होते. कंप पावणारा नादकाटा डोक्याला टेकवला आणि एक कान बंद केला, तर आवाज बंद कानातच मोठा वाटतो. असेच निरीक्षण ‘व्हीटस्टन ब्रिज’मुळे परिचित असलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८२७ मध्येही नोंदवले होते.

हे घरीही अनुभवता येते. तोंड मिटून ‘म्ऽऽ’ असा गुणगुणता आवाज काढा आणि एका कानाचे छिद्र बोटाने हलकेच बंद करा. आवाज त्या कानाकडे सरकल्यासारखा वाटेल.

असे का होते?

आवाज अंतर्कर्णापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट हवेची : कानाचे छिद्र, पडदा, तीन छोटी हाडे आणि मग शंखासारखा वेटोळा कोक्लिया. दुसरी वाट हाडाची : कवटीची कंपने थेट कोक्लियाला हलवतात. कान बंद केला की बाहेरचा गोंगाट कमी होतो. शिवाय कंपनांची जी ऊर्जा एरवी छिद्रातून बाहेर निसटते, ती आत अडकते. म्हणून हाडातून आलेला आवाज तिथे ठळक होतो.

निदान कसे होते?

डॉक्टर साधारण ५१२ हर्ट्झचा नादकाटा कपाळाच्या मधोमध टेकवतात आणि एकच विचारतात : आवाज कुठल्या कानात येतो?

- कमी ऐकू येणाऱ्या कानात मोठा : अडथळा हवेच्या वाटेत. उदा. मळ, पडद्यामागे साचलेले पाणी.
- चांगल्या कानात मोठा : दुसऱ्या बाजूचा अंतर्कर्ण किंवा श्रवणाची नस बिघडल्याची शक्यता.
- मधोमध : दोन्ही कान सारखे. मात्र दोन्ही सारखेच बिघडले असतील तरी हेच उत्तर येते.

हीच या चाचणीची मर्यादा. त्यामुळे जोडीला ‘रिने चाचणी’ करतात. हाइनरिश आडोल्फ रिने यांनी ती १८५५ मध्ये मांडली. तीत कानामागच्या हाडातून आणि हवेतून येणाऱ्या आवाजाची तुलना होते. ऐकणे किती कमी झाले, हे मात्र ऑडिओमेट्रीच सांगते.

वेबर यांनी ही चाचणी रुग्णांसाठी शोधली का?

नाही. त्यांना कुतूहल होते ते आपल्या इंद्रियांना जग कसे जाणवते याचे. कर्णरोगांच्या निदानासाठी हे निरीक्षण वापरले ते ड्रेस्डेनचे डॉक्टर एदुआर्द श्माल्त्स यांनी, १८४० च्या दशकात.

वेबर यांची कीर्ती झाली ती स्पर्शावरील कामामुळे. कंपासची दोन टोके त्वचेवर टेकवून त्यांनी दाखवले, की बोटाच्या टोकाला अगदी जवळचे दोन बिंदू वेगळे कळतात, पाठीला मात्र ते एकच वाटतात. वजनांच्या प्रयोगांतून त्यांना दिसले, की फरक जाणवणे मूळ वजनाच्या प्रमाणावर ठरते. समजा, ४० ग्रॅममध्ये १ ग्रॅमची वाढ कळत असेल, तर ४०० ग्रॅमला १० ग्रॅम लागतील. हाच ‘वेबरचा नियम’. १८४५ मध्ये भाऊ एदुआर्द यांच्यासह त्यांनी दाखवले, की व्हेगस नस उत्तेजित केली तर हृदयाचे ठोके मंदावतात, थांबूही शकतात. २६ जानेवारी १८७८ रोजी लाइपझिगमध्ये त्यांचे निधन झाले.

आज तिचे महत्त्व काय?

तीन दिवसांच्या आत अचानक एका कानाचे ऐकणे घटले आणि कारण अंतर्कर्णात असेल, तर स्टिरॉइडचे उपचार लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, सुरू व्हावे लागतात. मळ समजून थेंब घालत बसल्यास हा काळ निघून जातो. वीज नाही, यंत्र नाही अशा दवाखान्यातही नादकाटा ही शंका उपस्थित करू शकतो. म्हणूनच अचानक बसलेला दडा घरच्या उपायांवर सोडू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान तपासून घ्यावा.